हळदीची साक्ष

पेटीचा लाल दिवा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा लागला आणि सारिका दोंडनं हातातली चाळणी खाली आदळली. निम्मं कुंकू अंगणभर उडालं. एरवी चिमूटभर सांडलं तरी बायकांना धारेवर धरणारी बाई. पण राग आला की तिला माल दिसत नसे आणि माणूसही दिसत नसे.

पेटीच्या पडद्यावर आकडा होता ८.४. खाली मजकूर होता: 'मुळांच्या पाण्यात बाहेरचा पदार्थ मिसळल्याचा संशय. संबंधित व्यक्तीची कबुली नोंदवा, अन्यथा पेटी अठ्ठेचाळीस तासांत बंद होईल.'

सारिकानं गिरणी बंद करायला लावली आणि दिराला बोलावलं. हणमंत बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत लालेलाल. केम गावात कुंकवाच्या कारखान्यात राबणारा माणूस असाच दिसतो. आंघोळ केली तरी कानामागे थोडं राहतंच. थोरला भाऊ, म्हणजे सारिकाचा नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून दळण हणमंत बघत होता आणि चाळण, वाळवण, विक्री सारिका. त्यानं लग्न केलं नव्हतं, आणि तो बोलायचाही कमीच.

"काय मिसळलंत पाण्यात?" सारिकानं विचारलं.

"म्या काय मिसळू, वहिनी? पेटीला हातबी लावला न्हाई."

"मग मी लावला? का पोरीनं, ऋतूनं लावला? तिसरं कोण हाय घरात?"

हणमंत पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या गप्प बसण्याचा सारिकाला जन्मात एवढा संताप आला नव्हता.

ही पेटी घरात आली त्याला सव्वा वर्ष झालं होतं. भांगेच्या झाडात महत्त्वाची द्रव्यं दोन. एक डोक्यात चढतं. दुसरं चढत नाही, पण मेंदूत उठणारं विजेचं वादळ शांत करतं, आणि फेफऱ्याच्या काही रोग्यांना त्याचा चांगला गुण येतो. संशोधकांनी 'निवांत' नावाची नवी जात काढली आणि तिच्यात जनुकाची एक कळ बसवली. ती कळ चालते मुळांभोवतीच्या पाण्याच्या सामूवर. सामू म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा. सात म्हणजे मधलं, त्याखाली लिंबाच्या बाजूचं, त्यावर चुन्याच्या बाजूचं. आणि एक घर सरकलं की फरक दहा पटींचा. सामू सहाच्या आसपास असला की 'निवांत'चं झाड फक्त औषध तयार करतं, आणि मुळांना लोह, चुना, सगळं अन्नही नीट मिळतं. साडेसातच्या वर गेला की कळ फिरते आणि त्याच झाडात नशा भरते.

म्हणून दोन हजार बेचाळीस सालच्या कायद्यानं रोग्याला घरी दोन झाडं लावायची मुभा दिली, पण कुलूपबंद पेटीत. पेटीच्या टाकीत काचेच्या टोकाची एक काडी बुडवलेली असते. ती सामू मोजते. आकडा वर गेला की यंत्र आंबट द्रावणाचे थेंब सोडतं, खाली आला की खारं सोडतं, आणि दर तासाचा आकडा तालुक्याच्या परवाना कार्यालयात पोचतो. आंबट सोडून सोडूनही आकडा उतरत नसेल, तर यंत्राचा हिशेब सरळ होता: कोणीतरी गुपचूप खारं ओतत आहे, म्हणजे कोणाला तरी नशा हवी आहे.

आणि दोंडांच्या घरात खारं काय कमी होतं? कुंकू म्हणजे तरी काय, हळदीला चुना आणि टाकणखार लावला की पिवळ्याचं लाल होतं, तेच. पोती रचलेली होती भिंतीला. शिवाय हणमंत तरुणपणी चिलीम ओढायचा हे गावाला ठाऊक होतं. पुतणी जन्मली त्याच्या पाचव्या दिवशी, पाचवीच्या पूजेला, त्यानं चिलीम उंबऱ्यावर आपटून फोडली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. पण फुटलेल्या चिलमीचे तुकडे माणसं विसरत नाहीत.

ती पुतणी म्हणजे ऋतुजा. पेटी यायच्या आधी तिला आठवड्याला चार-पाच झटके यायचे. एकदा दगडी पायरीवर पडून पुढचा दात गेला. गोळ्यांनी झटके निम्मे व्हायचे आणि पोरगीही निम्मी व्हायची; ताटावर बसल्या बसल्या घास हातातच राहायचा. पेटीतल्या फुलांचं तेल सुरू झालं आणि चौदा महिन्यांत एक झटका आला नाही. ती कुर्डुवाडीच्या कॉलेजात जायला लागली, एकटी, सायकल स्टेशनावर लावून. पेटी बंद पडणार म्हणजे काय होणार, हे सारिकाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नियम असा होता की दोषी माणसानं कबुली दिली आणि घर सोडलं, तर पेटी लगेच सुरू. सारिकानं कबुलीचा कागद हणमंतपुढे धरला.

"वहिनी, एक करा," तो म्हणाला. "टाकीतलं वाटीभर पाणी काढा आन् हळदीला इचारा. खारं आसंल तर हळद लाल हुईल. आपलं रोजचंच काम हाय ते."

"हळद काय सांगणार? सरकारी यंत्र खोटं आन् तुमी खरं?"

"म्या खरंच हाय."

"मग आकडा कसा चढतोय?"

आतल्या खोलीत ऋतुजा मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती. हणमंतनं तिकडे कान दिला, मग अंगठा लाल होता तो धोतराला पुसून कागदावर उठवला. "पोरीचं तेल थांबाया नको," एवढंच म्हणाला. सारिकानं ते गुन्ह्याची कबुली म्हणूनच ऐकलं. त्याची वळकटी तिनं स्वतः दाराबाहेर ठेवली.

ऋतुजा दोन दिवस आईशी बोलली नाही. पेटी मात्र हिरवी झाली. कंपनीचा माणूस आला, त्यानं काडी अर्धा तास कसल्याशा पाण्यात बुडवून ठेवली, एक बटण दाबलं, आकडा सहावर आला आणि तो चहा घेऊन गेला. बघ, माणूस गेला आणि आकडा उतरला, असं सारिका ऋतुजाला चारदा म्हणाली. तीन वेळा ऋतुजानं ऐकून घेतलं, चौथ्यांदा ताट सारून उठली.

पेटीची निगा पहिल्यापासून सारिकाच राखायची. आता ती आणखी कसोशीनं राखू लागली. दर पंधरवड्याच्या सोमवारी टाकी रिकामी करून दिवसभर वाळवायची असते. तेव्हा ती काडी बाहेर काढायची, स्वच्छ धुवायची, मलमलीच्या फडक्यानं खडखडीत कोरडी करायची आणि कुंकवाच्या नमुन्याच्या डब्यात ठेवायची. त्या डब्यात चुनाकळीची पुरचुंडी असायची. दोंडांच्या घरची ही सासूपासूनची रीत: चुना हवेतली ओल ओढून घेतो आणि माल बिघडत नाही. कुंकवाचा एकच वैरी, ओल. ओलं ठेवलं ते गेलं, हे तिच्या हाडात मुरलं होतं. मंगळवारी सकाळी काडी पुन्हा टाकीत.

हणमंत गेल्याच्या अकराव्या दिवशी आकडा सातवर गेला. बाराव्या दिवशी ७.८. तेराव्या दिवशी ८.४ आणि लाल दिवा. खाली तोच मजकूर, अक्षरही न बदललेला.

ऋतुजा कॉलेजला निघाली होती. तिनं पडदा वाचला, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि आईकडे वळली.

"आता घरात दोघीच आहोत," ती म्हणाली. "कोणाची वळकटी बाहेर काढायची? माझी का तुझी?"

सारिकाला पोरीचा राग आला, पेटीचा आला, आणि या सगळ्याच्या तळाशी एक तिसरा राग हालला, त्याच्याकडे बघायची तिची तयारी नव्हती.

"काका सांगत होता ते तरी करून बघ," ऋतुजा म्हणाली आणि सायकल काढून गेली.

सारिकानं टाकीच्या खालच्या नळीतून वाटीभर पाणी काढलं. पाटावर हळदीच्या दोन चिमटी ठेवल्या. एकीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला. ती डोळ्यांदेखत लाल झाली. दुसरीवर टाकीतलं पाणी टाकलं आणि वाट बघितली. हळद पिवळीच राहिली. आणखी थेंब टाकले. हळद नुसती भिजली. साडेआठचं पाणी असतं तर ती कधीच लाल झाली असती, हे तिला शाळेत न जाताही कळलं असतं. पन्नास वर्षं दोंडांचं घर याच एका रंगावर जेवत होतं.

मग तिनं परड्यातलं जास्वंदीचं फूल कुस्करलं. आंबटाला जास्वंद कशी पेटते हे तिनं लहानपणी लिंबू पिळून पाहिलं होतं. टाकीच्या पाण्यात तो जांभळट रस पडला आणि भडक गुलाबी झाला. वाटीत जवळजवळ चिंचेचं पाणी होतं. तिनं झाडाची कुंडी उचलून मुळं बघितली. तपकिरी, गिळगिळीत. पानांच्या कडा करपलेल्या. यंत्र खोटा आकडा बघत होतं आणि तो उतरवायला रात्रंदिवस आंबट ओतत होतं. झाडाला विष ते स्वतः घालत होतं आणि चोर म्हणून माणसाचं नाव मागत होतं.

तासाभरात ती करमाळ्याच्या परवाना कार्यालयात होती. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात डबा.

तिथला तंत्रज्ञ साळवी नावाचा, चष्म्याआडून सगळ्यांकडे सारखंच बघणारा. त्यानं पाणी तपासलं आणि भुवया वर नेल्या. "चार पूर्णांक एक. काडी मेलीय तुमची. मेलेली काडी एका जागी अडकते, काहीही ओता. कुठं ठेवता हो ही?"

सारिकानं डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि पुरचुंडी दाखवली. तिला वाटलं, निदान एवढ्याला तरी तो बरं म्हणेल.

साळवीनं पुरचुंडी हुंगली. "चुना? अहो बाई, या काडीचं काचेचं टोक कायम ओलं ठेवायचं असतं. काचेवर ओलीचा पातळ थर असतो, त्यातूनच ती मोजते. कोरडी पडली की आंधळी होते. कंपनीचा माणूस आला तेव्हा त्यानं भिजवल्यामुळे थोडे दिवस जीव धरला असेल. तुम्ही परत वाळवलीत."

सारिका खुर्चीत बसली. तिचे हात तिच्याच मांडीवर होते आणि तिला ते दुसऱ्याचे वाटत होते.

"हे कुठं लिहिलंय?" तिनं विचारलं.

"माहितीपुस्तिकेत. पान एकेचाळीस."

"मराठीत?"

"इंग्रजीत आहे. मराठी निघायची आहे."

"काडी मेली की जिवंत हे बघायला पेटीत दुसरी काडी का न्हाई?"

"खर्चात बसत नव्हती."

"दुसरी काडी बसत नव्हती," सारिका उठून उभी राहिली. "आन् माणूस घराबाहेर काढायचं बसत होतं व्हय? नखाएवढ्या काचेच्या भरवशावर तुमी लोकांना घरातल्या माणसाचं नाव मागता? चोर सोडून संन्याशाला फाशी, तेबी आमच्याच हातानं?" कार्यालयातली सगळी डोकी वर झाली. तिला थांबायचं नव्हतं. पण ती थांबली, कारण वळकटी कोणाच्या हातानं बाहेर गेली हे साळवीला माहीत नसलं तरी तिला माहीत होतं.

साळवीनं तिला पाणी दिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी नवी काडी देतो. आकडा ताळ्यावर येईल, झाडही सावरेल. तेल चालू राहील. प्रकरण मिटलं."

"आन् भाऊजींचं नाव?"

"ते राहणार. कबुली आहे ना. दर महिन्याला चौकीत हजेरी, आणि पेटी असलेल्या घरात पाऊल ठेवायचं नाही. कबुली मागे घेतली तर प्रकरण परत उघडतं. मग दोष परवानाधारकाच्या घरावर, हेळसांड म्हणून. नव्वद दिवस पेटी बंद, तेल बंद. तुम्ही ठरवा."

एका बाजूला पोरीचं डोकं, दुसऱ्या बाजूला दिराचं नाव. घरात तेल होतं अठरा दिवसांचं.

हणमंत स्टेशनामागे एका पत्र्याच्या खोलीत राहत होता आणि वीटभट्टीवर जात होता. केममध्ये कुठल्याच कुंकूवाल्यानं त्याला कामावर घेतलं नव्हतं. पुन्हा ओढायला लागला म्हणे, असं गावभर झालं होतं. सारिका गेली तेव्हा तो स्टोव्हवर भात शिजवत होता. कानामागचं कुंकू गेलं होतं. तिला ते बघवेना.

तिनं सगळं सांगितलं. हळद, जास्वंद, काडी, डबा, पुरचुंडी. काहीच वगळलं नाही. तो भात ढवळत ऐकत होता.

"म्या तेच सांगत हुतो, वहिनी," शेवटी तो म्हणाला. "म्या सांगितलं तवा तुमी पेटीचं ऐकलंत. आता हळदीचं ऐकलंत. माझं कधी ऐकलंत?"

सारिकानं मान खाली घातली. नऊ वर्षं एका घरात राबलेल्या माणसाच्या शब्दापेक्षा तिला आधी काच खरी वाटली, मग मसाल्याच्या डब्यातली चिमूट खरी वाटली. याला चुकलं म्हणायचं तर तो शब्द फारच लहान होता.

"कबुली मागं घ्या," ती म्हणाली.

"न्हाई. नाव ऱ्हाऊ द्या. पोरीचं तेल बगा."

"भाऊजी, चांगुलपणा नका करू. मला सोसत न्हाई आता."

"चांगुलपना कसला? मला राग आलाय. लई आलाय. पर पोरगी पडली तर त्यो राग घिऊन म्या काय करू?"

घरी येऊन तिनं ऋतुजाला सगळं सांगितलं. मनात होतं की पोर रडेल, घाबरेल, आणि मग निर्णय आपोआप होईल. ऋतुजा रडली नाही.

"परवाना माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "मी अठरा पूर्ण केलीत. अर्जावर सही माझी लागते. माझे झटके मी काढीन, आई. माझ्या झटक्यांच्या नावाखाली काकाला चोर ठेवू नकोस."

"पुन्हा गोळ्या घ्याव्या लागतील. कॉलेज..."

"माहितेय मला गोळ्या कशा असतात. तुला काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी दोघी करमाळ्याला गेल्या, जाताना हणमंतला वीटभट्टीवरून उचलून. तो येत नव्हता. ऋतुजानं त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. त्यानं कबुली मागे घेतली, ऋतुजानं सही केली. फॉर्मवर एक रकाना होता: 'दोष कोणाचा?' सारिकानं लिहिलं, 'सारिका दिगंबर दोंड. काडी मी वाळवली.' पेन ठेवलं, पुन्हा उचललं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'ओली ठेवा असं मराठीत सांगितलं नाही, तो दोष तुमचा.' साळवी म्हणाला, रकान्याबाहेर लिहिलेलं यंत्र वाचत नाही. सारिका म्हणाली, तुम्ही वाचा.

पेटीला सील लागलं. हणमंत सोमवारपासून दळायला येऊ लागला, पण आठला यायचा आणि पाचला पत्र्याच्या खोलीवर जायचा. दुपारचा डबा स्वतःचा आणायचा आणि गिरणीच्या ओट्यावर एकटाच खायचा. सारिकानं चहा नेला तर घ्यायचा, जेवायला बोलावलं तर मान हलवायचा. ती दोन-तीनदा चिडली. तिला चिडायचा हक्क उरला नव्हता हे कळायचं आणि त्यामुळे आणखी चिडायची.

तेल संपलं. गोळ्या सुरू झाल्या. तेल संपल्याच्या बाराव्या दिवशी, ऐन दुपारी, ऋतुजा हळदीच्या पोत्यांपाशी पडली.

सारिका पोचायच्या आत हणमंत पोचला होता. त्यानं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली रिकामं पोतं सरकवलं. शेजारीण कांदा हुंगवायला आली, तिला त्यानं हातानंच परत पाठवलं. मग तो मोजू लागला, सावकाश, मोठ्यानं, पेटी यायच्या आधी मोजायचा तसा. सारिका पलीकडे गुडघ्यांवर बसली. एकशेदहापर्यंत आकडा गेला आणि ऋतुजाचं अंग सैल पडलं. तिच्या गालावर, हणमंतच्या हाताचं, लाल उमटलं होतं.

दोघांनी तिला आत नेऊन निजवलं. ओठ फुटला होता, तो सारिकानं पुसला. हणमंत दाराशी उभा होता.

"आजून किती दिस?" त्यानं विचारलं.

"साठ."

पाय निघेना त्याचा. सारिकानं चुलीपाशी जाऊन ताट केलं: भाकरी, पिठलं, कांदा. ताट आतल्या खोलीत, ऋतुजाच्या पायापाशी ठेवलं. पाट मांडला.

"वहिनी, राग हाय मला आजून," हणमंत म्हणाला.

"असू दे."

"त्यो काय एवढ्यात जायचा न्हाई."

"मी म्हणते का जाऊ दे म्हणून?" सारिका म्हणाली. तिचा आवाज चढलाच, सवयीनं. "धरा की राग. जल्मभर धरा. पर उपाशी ऱ्हाऊन न्हाई धरायचा. जेवून धरा."

हणमंत हात न धुताच पाटावर बसला आणि त्यानं भाकरी मोडली. कुंकवाच्या बोटांनी भाकरीची कड लाल झाली, तशीच त्यानं ती पिठल्यात बुडवली.